केगमधला संत्रा सोडा बाटलीत भरताना

मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, संत्री फेब्रुवारी-मार्चपासून विदर्भात काटोल, वरूड, मोर्शीकडच्या बागांतून निघतात. त्याच सुमाराला इकडे लग्नसराई लागते आणि ऊनही तापू लागतं. बारीक फळाला व्यापारी धड भाव देत नाही, म्हणून काही घरांतल्या पोरांनी त्या फळांचा रस काढून केगमध्ये, म्हणजे दाब सोसणाऱ्या स्टीलच्या टाकीत, सोडा करायला सुरुवात केली आहे. केगच्या तोटीतून थेट ग्लासात सोडा घेणं सोपं असतं. अडचण येते ती तोच सोडा बाटलीत भरून दुसऱ्या गावच्या मांडवात न्यायचा असतो तेव्हा. अर्धी बाटली फेसानं भरते, उरलेल्या अर्धीत जीव गेलेला गोड रस राहतो, आणि फरशीवर मुंग्या.

हे टाळता येतं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, पण बर्फ भरपूर लागतो आणि घाई अजिबात चालत नाही. आपल्याकडच्या उन्हात बाटली भरण्याचं काम म्हणजे तीन हिस्से गारवा सांभाळणं आणि एक हिस्सा दाब सांभाळणं, एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की पुढचं सगळं समजत जातं.

एक गोष्ट आधीच सांगतो. केगमधून बाटली भरण्याची ही पद्धत घरी बिअर करणाऱ्या परदेशी हौशी लोकांनी घडवली आणि तिची बरीचशी साधनंही त्यांच्यासाठीच बनतात. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ लागू आहे. परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, आणि वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत तर पूर्ण दारूबंदी आहे. म्हणून इथे जे सांगतो आहे ते सोड्यापुरतंच. सोड्यात वायू बिअरपेक्षा जास्त असतो, त्यामुळे हे काम उलट थोडं अवघडच आहे. हा सोडा विकायचा असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, नोंदणी लागते. घरच्या पंगतीसाठी ती लागत नाही.

साहित्य

केग म्हणजे स्टीलची उभी टाकी, साधारण १९ लिटरची. वर झाकण, झाकणावर दाब सोडायची कळ, आणि बाजूला दोन तोंडं. ज्यावर ‘इन’ कोरलेलं असतं त्यातून वायू आत जातो. ‘आउट’च्या तोंडाला आतून एक लांब नळी असते, ती टाकीच्या बुडापर्यंत पोचते आणि तिच्यातून सोडा वर चढतो. दोन्ही तोंडं दिसायला सारखी असली तरी जोडण्या अदलाबदल करून बसवू नका. जोर लावून बसवल्या तर अडकतात आणि मग निघता निघत नाहीत.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर खाद्य दर्जाचाच घ्या. वेल्डिंगच्या दुकानात मिळणारा वायू स्वस्त पडतो, पण तो पिण्यासाठी शुद्ध केलेला असेलच असं नाही. तालुक्याच्या गावी जो गोटी सोडा किंवा बाटलीतला सोडा करतो, त्याला विचारा. तो जिथून सिलिंडर भरून आणतो तिथूनच तुम्हीही आणा. सिलिंडरवर पेसोच्या मान्यतेची खूण आणि तपासणीची तारीख बघून घ्या. पेसो म्हणजे स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची संस्था, तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तारीख उलटलेला सिलिंडर कितीही कमी भावात मिळाला तरी घेऊ नका.

स्वयंपाकाच्या गॅसचा रेग्युलेटर इथे लावायचा विचारही मनात आणू नका. २५ अंश तापमानाला कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये ६० बारच्या वर दाब असतो आणि ऊन वाढेल तसा तो झपाट्यानं चढतो. त्यासाठी वेगळा, दोन काट्यांचा रेग्युलेटर मिळतो, तोच हवा. सिलिंडर उभा ठेवा, खांबाला साखळीनं बांधा आणि सावलीत ठेवा. बंद खोलीत हे काम करायचं नाही. हा वायू हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, आणि माणसाला कळायच्या आत गुदमरवतो. गाडीतून आणतानाही काचा उघड्या ठेवा. ओसरी किंवा पडवी ही या कामाची उत्तम जागा.

वायू किती लागतो याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर कार्बन डायऑक्साइडचं वजन सुमारे २ ग्रॅम. सोळा लिटर सोड्यात साडेतीन पट वायू (म्हणजे दर लिटर सोड्यात साडेतीन लिटर वायू) मुरवला तर सव्वाशे ग्रॅमच्या आत काम होतं. गळती आणि भरताना लागणारा वायू धरूनही २ किलोचा सिलिंडर दहा-बारा केग आरामात पुरतो. लवकर संपला तर समजा की कुठेतरी गळतंय. साबणाचा फेस सगळ्या जोडांना लावून बघा, बुडबुडे येतील तिथली रबरी रिंग बदला.

बाटली कोणती

नवख्यानं प्लास्टिकची बाटलीच घ्यावी, आणि तीही कोल्ड्रिंक किंवा सोड्याची. पाण्याची बाटली चालत नाही. सोड्याच्या बाटलीचं बूड पाच पाकळ्यांचं असतं, प्लास्टिक जाड असतं, कारण ती दाबासाठीच घडवलेली असते. पाण्याच्या बाटलीचं बूड फुगतं आणि ती उभीसुद्धा राहत नाही.

काचेबद्दल मी कडक आहे. भंगारात मिळणाऱ्या बिअरच्या बाटल्या अनेकदा वापरून झालेल्या असतात, त्यांच्यावर बारीक ओरखडे असतात, आणि सोड्याइतका वायू त्यांच्यासाठी जास्त होतो. आकडेच बघा: तीन पट वायू असलेल्या बंद बाटलीत ४ अंशांना १८ पीएसआयच्या (पीएसआय हे दाब मोजायचं एकक) आसपास दाब असतो. तीच बाटली ३० अंशांना नेली की दाब ४५ ते ५० होतो, आणि मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या दुपारी ६५च्याही पुढे जातो. प्लास्टिकची चांगली बाटली हे सोसते. ओरखडा पडलेली काच फुटते, आणि मांडवात लेकरं खेळत असतात. शिवाय संत्र्याच्या रसात साखर असते, उन्हात राहिली तर ती आंबते आणि आंबताना आणखी वायू तयार होतो.

गोटी सोड्याची बाटली हौसेनं भरावीशी वाटते, पण तिचं तंत्रच वेगळं. १८७२ साली हायरम कॉड नावाच्या इंग्रज अभियंत्यानं तिचं पेटंट घेतलं. आतल्या वायूचा दाब गोटीला वर ढकलून रबरी कड्यावर दाबून धरतो. त्यासाठी बाटली दाबाखाली भरून उलटी करावी लागते, म्हणजे ते फिरतं यंत्रच हवं. केगच्या नळीनं ती भरता येत नाही.

रस

इथे थोडा वेळ थांबायला हवं, कारण बाटलीत होणारा निम्मा फेस रसाच्या चुकीनं होतो.

नागपुरी संत्र्याचा रस काढल्यावर गोड लागतो आणि काही तासांनी कडवट होतो. याचं कारण लिमोनिन नावाचं द्रव्य. फळाच्या बिया आणि पांढरे पापुद्रे चिरडले गेले की ते रसात उतरतं आणि हळूहळू कडू होतं. रस तापवला तर हे आणखी लवकर होतं. म्हणून मिक्सरमध्ये फोडी फिरवू नका. फळ आडवं कापून हातयंत्रावर हलक्या हातानं पिळा, बी चिरडू देऊ नका, आणि रस उकळू नका. पूर्ण पिकलेलं फळ घ्या, हिरवट फळात कडूपणा जास्त. थोडा रस काढून चार-पाच तास ठेवून चाखा, मगच बाकीच्या फळांना हात लावा. कडवट आला तर त्या फळांचा रस कमी घालून लिंबू आणि आलं वाढवा.

दुसरी गोष्ट गाळण्याची. रसातला प्रत्येक बारीक कण म्हणजे बुडबुडा जन्माला यायची जागा. आधी चाळणीतून, मग दुहेरी मलमलीतून गाळा, रस फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा, खाली साका बसेल तो सोडून वरचा रस पुन्हा स्वच्छ मलमलीतून काढा. मलमल पिळायची नाही. पिळली की सगळा गाळ पुन्हा खाली उतरतो. गाळ राहिला तर तो केगच्या नळीत आणि तोंडातल्या झडपेतही अडकतो.

एका केगसाठी माझं माप असं आहे: गाळलेला संत्र्याचा रस ५ लिटर, साखर दीड किलो, आठ-दहा लिंबांचा रस, बोटभर आल्याचा गाळलेला रस, आणि १० लिटर पाणी. साखर थोड्या गरम पाण्यात विरघळवून पाक पूर्ण गार झाल्यावरच रसात घाला. पाणी आरओचं किंवा उकळून गार केलेलं. बोअरचं जड पाणी चव बिघडवतं. केग काठोकाठ भरू नका, वर तीन लिटरभर जागा राहू द्या.

पहिल्याच वेळी संत्र्याच्या नादी न लागता नुसता लिंबू-आल्याचा सोडा केला तरी छान. त्यात गाळ नाही, कडूपणा नाही, आणि हात बसतो.

गार करणं आणि वायू मुरवणं

थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो आणि विरघळलेला तिथेच राहतो. शून्य अंशांना एक लिटर पाणी साध्या हवेच्या दाबाखाली सुमारे १.७ लिटर कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं; २० अंशांना त्याच्या निम्मंच. आपल्या स्वयंपाकघरात एप्रिलमध्ये ३५ अंश असतात, त्यामुळे कोमट सोडा बाटलीत पडताक्षणी फसफसून उठतो यात नवल नाही.

केग मावेल असा प्लास्टिकचा ड्रम घ्या, त्याला बाहेरून जुनं बारदान किंवा गोधडी गुंडाळा. सोळा लिटर द्रव ३० अंशांवरून ३ अंशांवर आणायला हिशेबानं साडेपाच किलो बर्फ वितळावा लागतो. पण स्टीलची टाकी, ड्रममधलं पाणी आणि बाहेरचं ऊन धरून १२ किलो बर्फ आणा. रसवंतीवाले जिथून लादी आणतात तिथे स्वस्त मिळतो. बर्फ फोडून केगभोवती टाका, थोडं पाणी घाला म्हणजे गारवा सगळीकडून लागतो, आणि दोन मुठी जाडं मीठ टाका. हा बर्फ खाण्याचा नसतो, त्याचं पाणी केगच्या झाकणावर किंवा तोंडांवर उडू देऊ नका. फ्रिजमध्ये पाणी आणि रस आधीच गार करून ठेवला तर बर्फ निम्मा लागतो. लाइन जायच्या वेळा बघून हे आदल्या रात्रीच करा.

झाकण बसवल्यावर वायू सोडा, मग वरची कळ ओढून तो बाहेर जाऊ द्या. असं तीन-चारदा केलं की वरची हवा निघून जाते. हवेतला ऑक्सिजन संत्र्याचा वास मारतो.

आता केग ४ अंशांच्या आसपास आल्यावर रेग्युलेटर २२ पीएसआयला लावा. या गारव्याला आणि या दाबाला पाण्यात साधारण साडेतीन पट वायू मुरतो. साखरेमुळे किंचित कमी. बाटली भरताना थोडा वायू जातोच, तीन पट उरला की सोडा जिभेला चांगला लागतो. दोन-तीन दिवस गार ठेवायची सोय असेल तर तसंच सोडून द्या. बर्फावर ते परवडत नाही, म्हणून केग उभाच धरून पाच-सात मिनिटं मागेपुढे हलवा. सिलिंडरकडून वायू जाण्याचा सूं आवाज येत राहील, तो बंद झाला की सोड्यानं घ्यायचा तेवढा वायू घेतला. मग वायू चालू ठेवून रात्रभर बर्फात स्वस्थ राहू द्या. हलवल्याबरोबर बाटल्या भरायला बसू नका.

बाटल्या धुणं

प्लास्टिकच्या बाटल्या कोमट पाण्यानं, बाटलीच्या ब्रशनं धुवा. उकळतं पाणी ओतलं तर आकसतात. निर्जंतुक करायला बिनवासाचं ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट एका लिटर पाण्याला ४ मिलिलिटर, दोन मिनिटं, मग उकळून गार केलेल्या पाण्यानं दोनदा खळखळून धुणं. झाकणांनाही तसंच. या पाण्यात लिंबू, व्हिनेगर किंवा सायट्रिक अॅसिड पडू देऊ नका, विषारी क्लोरिन निघतो. आणि हे पाणी केगमध्ये कधी घालू नका, क्लोरिन स्टीलला खातो. धुतलेल्या बाटल्या बर्फात उभ्या करा. भरताना बाटली आतून ओली आणि गार हवी. कोरड्या, गरम भिंतीवर सोडा आपटला की फेस होतो.

भरणं

हे काम पहाटे करा. सूर्य वर आला की दर बाटलीला त्रास वाढत जातो.

‘आउट’च्या तोंडाला दीड मीटर लांबीची बारीक खाद्य दर्जाची नळी आणि तिच्या टोकाला प्लास्टिकची दाबायची तोटी. तोटीत एक ताठ नळी घट्ट बसवा, ती बाटलीच्या बुडाला टेकेल इतकी लांब असावी. या ताठ नळीवर मधोमध भोक असलेलं रबरी बूच चढवा. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात असं बूच मिळतं, बाटलीचं तोंड सोबत नेऊन माप बघा. हे बूच म्हणजेच सगळं यंत्र. नळी आणि तोटीसुद्धा अर्धा तास बर्फात ठेवा, नाहीतर पहिल्या दोन बाटल्या नळी गार करण्यातच जातात.

सिलिंडर बंद करा. केगच्या कळेनं वरचा दाब हळूहळू सोडा, मग रेग्युलेटर ८ ते १० पीएसआयवर आणून पुन्हा वायू चालू करा. आता हा दाब फक्त सोडा ढकलण्यापुरता आहे. पहिला अर्धा ग्लास वेगळा काढा, त्यात बुडाचा गाळ येतो.

बाटलीत नळी बुडापर्यंत घाला, बूच तोंडात घट्ट दाबा आणि तोटी पूर्ण उघडा. अर्धवट उघडलेली तोटी हे फेसाचं मोठं कारण आहे. सुरुवातीला फसफस होईल, थोड्या वेळात प्रवाह आपोआप मंदावून थांबेल. घाबरायचं नाही. बाटलीतली हवा दाबली गेली आहे, तिचा दाब केगच्या दाबाशी जुळला आहे, आणि म्हणूनच सोड्यातला वायू आता सुटत नाही. अंगठ्यानं बुचाची एक कड किंचित ढिली करा. बारीक फुस्स होऊन हवा बाहेर पडेल आणि सोडा हळूहळू, शांतपणे वर चढेल. हवा जितक्या हळू सोडाल तितका फेस कमी. एका लिटरच्या बाटलीला दीड-दोन मिनिटं लागली तर ती चांगली गती समजा.

तोंडापासून तीन बोटं खाली सोडा आला की तोटी बंद करा, पण बूच लगेच काढू नका. वीस सेकंद थांबा. मग कड ढिली करून उरलेला दाब सोडा, बूच आणि नळी काढा. या वेळी थोडा फेस तोंडापर्यंत येतो, तो येऊ द्या. फेस वर असतानाच झाकण घट्ट लावा, म्हणजे बाटलीत हवेला जागा राहत नाही. फेस येतच नसेल तर बाटलीला बोटानं दोन टिचक्या मारा.

बाटली उलटी करून झाकणाजवळ गळतंय का बघा, पुसून बर्फात टाका. तासाभरानं दाबून पाहा. चांगली भरलेली बाटली ढोलकीच्या पानासारखी ताठ लागते. ढिली लागली तर वायू कमी आहे. अशा बाटल्यांसाठी कार्बोनेशन कॅप नावाचं झाकण मिळतं, ते सोड्याच्या बाटलीवर बसतं आणि केगची वायूची जोडणी त्यावर चढते. बाटली दाबून आतली हवा काढा, ही कॅप लावा, २५ पीएसआय वायू द्या आणि मिनिटभर हलवा. दोन-चार बाटल्याच भरायच्या असतील तर मी म्हणेन की बूच-नळीच्या भानगडीत न पडता थेट ही कॅपच वापरा.

मधेच फेस वाढायला लागला तर दाब वाढवू नका, कमीही करू नका. हात लावून बघा: केग, नळी, बाटली, यापैकी काहीतरी कोमट झालेलं असतं. बर्फ टाका, दहा मिनिटं थांबा, नळीतला जुना सोडा ग्लासात काढून टाका आणि पुन्हा सुरू करा.

ठेवणं आणि नेणं

न उकळलेल्या रसाचा आणि काहीही औषध न घातलेला हा सोडा फ्रिजमध्ये तीन-चार दिवसच ठेवावा. बाटलीवर भरल्याची तारीख लिहा. लग्नाला न्यायच्या बाटल्या थर्माकोलच्या खोक्यात बर्फासोबत आडव्या न ठेवता उभ्या ठेवा, आणि बंडी असो की टेम्पो, वरून ओलं बारदान टाका. पोचल्यावर अर्धा तास हलवू नका. बाटली उन्हात राहिली, बूड फुगलं, किंवा उघडल्यावर आंबूस वास आला, तर ती ओतून द्या. लेकरांना देऊ नका.

केग त्याच दिवशी धुवा. झाकणाला हात लावण्याआधी वायू बंद करून कळ ओढून सगळा दाब सोडा, एक फुंकरही उरली नाही याची खात्री करा. दाबाखालचं झाकण उघडायचा प्रयत्न केला तर ते जोरात तोंडावर येऊ शकतं. गरम पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून टाकीत अर्धा तास ठेवा, तेच पाणी वायूच्या दाबानं नळी-तोटीतून काढा, मग साध्या पाण्यानं दोनदा. दोन्ही तोंडं पान्यानं खोलून आतल्या झडपा धुवा, संत्र्याचा गर तिथेच लपतो. केग उलटा करून पूर्ण वाळवा. नळी खुंटीला टांगून वाळवा. आत ओल राहिली तर काळी बुरशी धरते आणि तशी नळी कितीही धुतली तरी पुन्हा वापरायची नसते.